एका कोयत्याची माणसं

चिंचवाडी, ता. केज, जि. बीड
६ ऑक्टोबर २०२४

ऋतुजाबाई,

आधी ओळख सांगते, म्हणजे तुला आठवायला सोपं जाईल. मी सरूबाई. तुझ्या बापाची आई. ठेंगणी, काळी, उजव्या तर्जनीला नख नसलेली. तू लहान असताना माझ्या पाठीवर बसून उसाच्या फडात यायचीस, ती पाठ मपलीच. काही ध्यानात येतंय का बघ. जाताना म्हणलीस, पोचले की कागद लिहिते. महिना झाला. रोमला कागद महाग हाय का?

फोनचं नाव काढू नको. फोनवर मी बोलले की तू बी बोलतीस, मी थांबले की तू बी थांबतीस, आन् मग दोघी मिळून नुसतं हॅलो हॅलो. कागदात मधी कुणी बोलत न्हाई, आन् गोड वाटला तर दोनदा वाचून घेता येतो. मी सांगते, वैष्णवी लिहिती, मग ती त्याचा फोटो काढून तुला धाडती. मी 'हाय' म्हणलं की ती 'आहे' लिहिती, म्हणून तिला दम दिलाय. कोर्स नर्सबाईचा चाललाय, मास्तरीणबाईचा न्हाई.

गावात लोक इचारतात, सरूबाई, नात एवढ्या लांब कशाला गेली? मी सांगते, मोजायला शिकायला. किती रान पेरलं, किती पिकलं, किती माणसं राबली, हे नीट कसं मोजायचं ते शिकायला देशोदेशीची पोरं एका वर्गात बसलीत. लोक हसतात. मी हसत न्हाई. मागं एकजण पिकाची पाहणी करायला आलता, त्यानं सडकेवरूनच आपला कापूस बघितला आन् सोयाबीन छान हाय म्हणला. तुमचा वर्ग चालू द्या.

आता खरी गोष्ट. ही लिहायला लाजतीय, तिचा पेन थांबलाय, तरी लिही म्हणलं. वैष्णवीला दिवस गेलेत. चौथा लागलाय. तू मावशी होणार. तुमची आई गेली आन् बाप कडा गावात दुसरा संसार मांडून बसला, तवा ही पोरगी माझ्या पदराखाली झोपायची आन् तू तिच्या पायाशी. आता तिच्याच पोटाला पोर. आदिनाथ तर गल्लीतून उगंच हसत फिरतोय. तिची सासू गीताबाई पहिल्यांदाच माझ्याशी गोड बोलली.

कागद लिही. आजी विसरली तर चालंल, मावशीपणा विसरू नको.

तुझी आज्जी


रोम
१९ ऑक्टोबर २०२४

प्रिय आज्जी,

ओळख पटली. ती नख नसलेली तर्जनी माझ्यावर रोखलेली मला इथूनही दिसतेय. चुकले.

वैष्णवी, तू हे आज्जीला वाचून दाखवत असशील, तर इथं थांब आणि तिला सांग की तुझी थोरली बहीण पत्र वाचून वर्गात रडली. शेजारी आल्माझ बसते, इथिओपियाची. तिला वाटलं वाईट बातमी आली. सांगितल्यावर तिनंही डोळे पुसले. तिची आजीसुद्धा तिला फोनवर रागावते. भाषा कळत नाही, पण राग बरोबर ओळखू येतो.

आज्जी, इथं शिकवतात की शेत डोळ्यांनी जोखायचं नाही. दोरीनं तुकडा आखायचा, तेवढाच कापायचा, वाळवायचा, मग वजन करायचं. तसंच माणसांचंही. अंदाजानं लिहायचं नाही, घरी जाऊन विचारायचं. शिकून झालं की प्रत्येकानं आपल्या देशात जाऊन पुढच्यांना शिकवायचं. मी आमच्या खात्यातल्या पाहणीदारांना शिकवणार.

निघण्याआधी मी एक प्रश्नावली करून आलेय. डिसेंबरात केज तालुक्यातल्या काही गावांत ती विचारतील. आपल्याही. ऊसतोडीची माणसं आजवर कुठंच धड मोजली गेली नाहीत. गावात विचारावं तर घराला कुलूप, कारखान्यावर विचारावं तर ती परगावची. फडावर किती बायका आहेत ते कळलं, तर तिथं फिरते दवाखाने आणि नर्सबाया किती पाठवायच्या ते ठरवता येईल. म्हणून गावात राहिलेल्या म्हाताऱ्यांना विचारायचं, घरातून कोण गेलं.

मी त्यात एक हुशारी केलीय. कागदावर 'हंगामी स्थलांतरित कृषी कामगारांची संख्या' असं लिहिलं होतं. ते खोडून मी 'घरातून किती कोयते गेले?' असं लिहिलं. आल्माझ म्हणाली, आमच्याकडे बाईचं वेगळं, पुरुषाचं वेगळं विचारतो, नाहीतर बाई कागदावर येतच नाही. मी म्हटलं, आमच्याकडे गरज नाही, हा आमच्या लोकांच्या तोंडचा शब्द आहे.

वैष्णवी, आता तुला. कोर्स सोडायचा नाही. आणि काहीही झालं तरी उसाला जायचं नाही. आदिनाथरावांना जाऊ दे. मला तसं लिहून पाठव.

तुझी
ऋतू


चिंचवाडी
२७ नोव्हेंबर २०२४

ऋतू,

अक्षर बदललं म्हणून दचकू नको. हे ज्योत्स्नाचं अक्षर. अंगणवाडीची ज्योत्स्ना, निवृत्तीची सून, बुद्धविहाराच्या कडेला ऱ्हाती ती. अक्षर वैष्णवीपरीस बरं हाय आन् मधी नाक खुपसत न्हाई.

वैष्णवी अभ्यासात हाय. परीक्षा जवळ आली म्हणून केजलाच ऱ्हाती, तिथं पोरींचे फोन काढून घेतात म्हणं. पोरींनी फोन बघितला तर पेशंट मरतात का काय. तू रोज फोन लावून मोबाइल झिजवू नको. ती ठीक हाय. जेवती. पाय थोडे सुजतात, ते सगळ्यांचेच सुजतात.

गाव रिकामं झालंय. दिवाळी सरली की ट्रॅक्टर आले आन् माणसं, भांडी, कोंबड्या, सगळं भरून गेले. आता गावात आमी म्हाताऱ्या, शाळेची पोरं आन् कुत्री. गीताबाईची शेळी रातभर वरडती.

तू नीट जेव. वर्गात लई हुशारी दाखवू नको, बाकीच्या देशांना वाईट वाटंल.

आज्जी


चिंचवाडी
२७ नोव्हेंबर २०२४

वैष्णवे,

हा दुसरा कागद. पहिला तुझ्या बहिणीला गेला. त्यात मी तुझी परीक्षा लावून दिली, फोन काढून घेतला, सगळं केलं. ज्योत्स्ना लिहिताना माझ्याकडं बघत ऱ्हायली. मी म्हणलं, लिही बाई, पाप माझ्या नावावर.

तू ट्रॅक्टरवर चढलीस तवा मी भांडले न्हाई, कारण गल्ली बघत होती. आता भांडते. मुकादम तुझ्या नवऱ्याला दारात म्हणला, एकटा माणूस अर्धा कोयता, अर्धा मला नको, बायको आण न्हाईतर आई आण. गीताबाईचे गुडघे गेलेले. तू आत भाकरी थापत होतीस. पिठाचे हात घेऊन बाहेर आलीस आन् म्हणलीस, पुरा कोयता लिहा. तुझ्या नवऱ्याला अर्धा म्हणलेलं तुला सोसलं न्हाई. मला कळतं. तुझा आजा गेला त्या साली मला बी अर्धा म्हणले होते. नवरा-बायको मिळून एक, आन् त्यातला एक ऱ्हायला की अर्धा. पुऱ्या जन्मात मला कुणी अख्खी एक म्हणलं न्हाई. पण माझ्या पोटात त्या साली कुणी नव्हतं.

ऐक. मोळी उचलायची न्हाई. तोडायचं काम आदिनाथनं करावं, तू पाचट बाजूला सार, भाकरी कर. पाणी उकळून पी. संक्रांतीपर्यंत सातवा लागंल, तवा गावात दिसली पाहिजेस. न्हाई दिसलीस तर मी स्वता येते, आन् मी आले की मुकादमाला त्याची आई आठवंल.

हा कागद आदिनाथच्या मोबाइलवर येईल. त्याला बी वाचून दाखव. मोठ्यांदा.

आज्जी


कोपीवरून
१५ डिसेंबर २०२४

आज्जी,

मोठ्यांदा वाचून दाखवलं. यांनी मान खाली घालून सगळं ऐकलं, आणि शेजारच्या कोपीतल्यांनीही ऐकलं, कारण पालासारख्या या कोपीला भिंत कुठंय. आता सगळा अड्डा तुला ओळखतो. छबुबाई म्हणून एक आष्टीकडची आहे, ती म्हणाली, अशी आजी मला असती तर मी तिला घेऊनच आले असते.

मी मोळी उचलत नाही. हे उचलू देत नाहीत. पण गाडी भरायला माणूस कमी पडला की काय करणार, एखादी उचलते, हलकी. तू रागवू नकोस. मी अर्धी का होईना नर्स आहे, मला माझं कळतं. इथल्या बायका मला विचारायला येतात. कुणाचं पोट दुखतं, कुणाची पाळी चुकली, कुणाच्या बाळाला ताप. मी गोळी कोणती ते सांगते, ओल्या फडक्यानं अंग पुसायला लावते. मला सिस्टर म्हणतात. सकाळी अंधारात पाचटात उतरताना सिस्टर म्हणून हाक आली की हसू येतं.

ताईला सांगू नकोस. तिला कळलं तर सगळं सोडून विमानात बसेल. आपल्या घरातून आजवर कुणी शिकायला इतकं लांब गेलं का? तिला मार्चपर्यंत शिकू दे. तोवर मी घरी, बाळ घरी, मग तिनं किती रागवायचं ते रागवावं. कोर्सच्या बाईंना मी सांगून आलेय, पुढच्या जूनला परत बसवून घेणार आहेत.

पोटात आता पाय मारतं. हे हात ठेवून बसतात आणि त्यालाच विचारतात, तू कोण रे. मी म्हणते मुलगी आहे, ती उत्तर देणार नाही, ती लाथ मारणार.

संक्रांतीला येते.

तुझी वैष्णवी


रोम
९ जानेवारी २०२५

प्रिय आज्जी,

आज गोड बातमी आहे, ज्योत्स्नाकडून दोनदा वाचून घे.

आपल्या पाहणीचे आकडे आले. पुण्याहून माझ्या सहकाऱ्यानं तक्ता करून पाठवला. आपण समजत होतो त्याच्या निम्मीच माणसं उसाला गेलीत. घरं तेवढीच, पण घरामागे बहुतेक ठिकाणी एकच माणूस. म्हणजे गडी एकटे जायला लागले आणि बायका घरी राहायला लागल्या. मी हे वर्गात मांडलं. गुरुजींनी तक्ता पुन्हा मागून घेतला. म्हणाले, लोकांचा शब्द वापरलात हे चांगलं केलंत. आल्माझ तेवढी गप्प होती. तिला मी नंतर चिडवलं.

आणि तुला म्हणून सांगते, हे मी बघायला नको होतं. तक्त्यात नावं नसतात, पण गावातल्या घरांचा क्रम मला पाठ आहे. गीताबाईंचं घर मी शोधलं. तिथं 'एक' लिहिलंय. म्हणजे आदिनाथराव एकटेच गेलेत. इतके दिवस माझ्या मनात उगाच येत होतं की तुम्ही काहीतरी लपवताय. अक्षर बदललं, फोन बंद. तो एक बघितला आणि मी पहिल्यांदा शांत झोपले.

वैष्णवीला म्हणावं, परीक्षा झाली की तिच्या स्वतःच्या अक्षरात मला चार ओळी पाहिजेत.

तुझी
ऋतू


चिंचवाडी
१७ जानेवारी २०२५

ऋतू,

तुझा गोड कागद दोनदा ऐकला. दुसऱ्यांदा ज्योत्स्नाचा आवाज फुटला, म्हणून पुढचं मीच म्हणून दाखवलं, मला पाठ झालं होतं.

पोरी, तुझ्या तक्त्यातला एक माणूस न्हाई. गीताबाईच्या दारात पाहणीवाले आले तवा मी तिच्या ओट्यावर शेंगा फोडत बसलेली. त्यांनी इचारलं, घरातून किती कोयते गेले? ती म्हणली, एक. खरंच म्हणली. शहरातली पोरं होती, त्यांनी एक दाबला आन् पुढच्या दाराला गेली. तिथं बी एक. सगळ्या गल्लीनं खरं सांगितलं. तुला ठावं हाय एक कोयता म्हणजे किती माणसं. तू त्यातच वाढलीस. तक्ता करणाऱ्याला ठावं नव्हतं, आन् तू खुशीत होतीस.

गीताबाईच्या एकात वैष्णवी हाय.

आता उठू नको, बस. मुकादमानं आदिनाथला अर्धा म्हणून सोडलं असतं, म्हणून ही गेली. मला तिनं शपथ घातली, ताईचं शिक्षण मधी मोडायचं न्हाई. संक्रांतीला येते म्हणली होती. संक्रांत झाली. मी येशीपर्यंत जाऊन आले. येष्टीतून दुसऱ्याच बाया उतरल्या. मुकादम म्हणतो म्हणं, हा फड उरकू द्या, मग सोडतो. ती गेली की जोडी मोडती, आन् त्याचा हिशेब मोडतो.

मला काय शिव्या द्यायच्या त्या दे. पण आधी तिला फोन लाव. आदिनाथच्या नंबरावर. मी लावला तर ती मला हसून गुंडाळती. तू थोरली हायस, तुला गुंडाळता येणार न्हाई.

आज्जी


रोम
२१ जानेवारी २०२५

आज्जी,

बोलले. मी ओरडले, ती हसली, मग दोघी रडलो. मुकादमाशीही बोलले. माघी पौर्णिमेच्या आत नक्की पोचवतो म्हणाला. मी तिकीट काढायला निघाले होते, तर वैष्णवी म्हणाली, ताई, तू आलीस आणि मी आधीच घरी बसलेली असले, तर तुझं विमान फुकट जाईल. मार्चला ये, बाळाला बघायलाच ये.

म्हणून थांबले. बरोबर केलं ना? तू सांग.

तक्ता मी अजून कुणाला दुरुस्त करून दाखवलेला नाही. आधी ती घरी पोचू दे.

ऋतू


चिंचवाडी
४ फेब्रुवारी २०२५

ऋतुजाताई,

तुमचा फोन लागत नाही म्हणून हा कागद. आज्जी सांगायला बसल्या, पण त्यांना सांगता येईना, म्हणून मी ज्योत्स्ना माझ्या मनानं लिहितेय.

काल दुपारी फडात वैष्णवीला कळा सुरू झाल्या. आठवा होता. अड्ड्यावर या बाबतीत ज्यांना थोडंफार कळत होतं त्या वैष्णवीच. त्याच बाकीच्या बायकांना सांगत होत्या, हे करा, ते धरा, पाणी गरम करा. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरवरून त्यांना सडकेला आणलं, तिथून जीपनं दवाखान्यात. दवाखाना लांब होता. बाळ वाचलं, मुलगी आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय. वैष्णवीचं रक्त थांबलं नाही.

त्यांना घेऊन आदिनाथ निघालेत. तुम्ही या.

ज्योत्स्ना


पुणे
३० मार्च २०२५

प्रिय आज्जी,

तेरावं झाल्यावर मी निघाले तेव्हा तुझ्याशी नीट बोलले नाही. तू ओट्यावर पाय सोडून बसली होतीस आणि मी तुझ्या पाया पडून तशीच जीपमध्ये बसले. बोलले असते तर विचारलं असतं, मला का सांगितलं नाहीस. आणि मग तू विचारलं असतंस, सांगितल्यावर तू काय केलंस. म्हणून गप्प बसले.

रोमला परत गेले होते, सामान आणायला. शेवटच्या दिवशी गुरुजी म्हणाले, नाही बोललात तरी चालेल. मी बोलले. तक्ता लावला आणि म्हटलं, हा चुकीचा आहे. यात जितकी माणसं लिहिलीत जवळपास तितक्याच बायका यातून गळाल्यात. शब्द आमचा होता. तो मी घातला. गळालेल्यांतली एक माझी बहीण होती, आणि ती या तक्त्यात घरी होती, म्हणून मी निवांत झोपत होते. आल्माझ उठून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. तिनं मला ऑक्टोबरातच सांगितलं होतं.

आज्जी, वैष्णवीच्या मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसाय या रकान्यात 'गृहिणी' लिहिलंय. तिथंही ती घरीच.

मी राजीनामा लिहून ठेवलाय. दोनशे पाहणीदारांना मोजणी शिकवायची आहे म्हणतात. मला कुणाला काही शिकवायचं तोंड नाही. तू एकदा हो म्हण, म्हणजे मी तो देऊन टाकते आणि गावी येते. बाळाला मीही सांभाळू शकते.

ऋतू


चिंचवाडी
१४ सप्टेंबर २०२५

ऋतू,

चैत्रातल्या कागदाला भादव्यात उत्तर देतीय. आता विसरभोळी कोण ते तू ठरव. ज्योत्स्ना आठ-पंधरा दिवसांनी कागद-पेन घेऊन यायची, मी म्हणायचे लिही, आन् पुढं तोंडातून काही निघायचं न्हाई. मग ती चहा पिऊन जायची. लई चहा संपला या उत्तरात.

तू हो म्हण म्हणलीस. मी हो म्हणले न्हाई, न्हाई बी म्हणले न्हाई. मला वाटलं, मी एक शब्द दाबून ठेवला आन् एक पोरगी गेली, दुसरीला काय सांगू. तुझे मागचे कागद आले त्यात तू बाळाचं इचारायचीस, कामाचं बोलायची न्हाईस. मी समजले, दिला राजीनामा.

मग गौरी उठल्या, त्याच्या दोन-तीन दिवसांनी पाहणीवाले आले. या खेपेला एक बाई आन् एक गडी. उसाला जायच्या आधी, माणसं घरात असताना आले, हे मी बघून घेतलं. बाई गीताबाईच्या चुलीपुढं पाट घेऊन बसली आन् गडी बाहेर आदिनाथपाशी. मी बाळाला घेऊन दारात. त्यांनी कोयता हा शब्दच काढला न्हाई. बाईचं नाव सांगा म्हणली, वय सांगा, तोडायचं काम, मोळी बांधायचं काम, गाडी भरायचं काम, कुणी कुणी केलं. पोटुशी होती का. जवळ दवाखाना होता का. मी म्हणलं, बाई, हे तुमाला कुणी शिकवलं? ती म्हणली, पुण्यात ऋतुजा मॅडमनी. लई कडक हायत, घरी जाऊन चुलीपाशी बसल्याबिगर आलेला कागद घेत न्हाईत.

तवा मला कळलं, तू दिला न्हाईस.

यंदा कोण जाणार, असं तिनं गीताबाईला इचारलं. गीताबाई म्हणली, कुणी न्हाई. मुकादम येऊन गेलता दारात, आदिनाथला म्हणला, दुसरी कर, एकट्याला कसं नेऊ. आदिनाथ नुसता उठून आत गेला. आता तो केजच्या बाजारात हमाली करतो, दिवस मावळायला घरी येतो. मग त्या बाईनं इचारलं, मागच्या साली कोण गेलं होतं? गीताबाईनं माझ्याकडं बघितलं. ही बाई जन्मभर एक म्हणत आलीय, तिच्या सासूनं बी एकच म्हणलं होतं.

ती म्हणली, "दोघं. आदिनाथ आन् वैष्णवी. लिहा, वैष्णवी, वय बावीस. तोडायची बी आन् मोळी बी उचलायची."

बाईनं लिहिलं. लिहिताना तिला ठावं नव्हतं ती कुणाची बहीण लिहितीय, आन् आमी सांगितलं न्हाई. तुझ्या तक्त्यात आता ती सापडंल. नावं नसतात म्हणलीस, पण घरांचा क्रम तुला पाठ हाय.

तू बरोबर केलंस का म्हणून जानेवारीत इचारलं होतंस. त्याचं उत्तर माझ्यापाशी न्हाई. मी तुला सांगितलं न्हाई ते बरोबर केलं का, त्याचं बी कुणापाशी न्हाई. आपण दोघींनी ते तसंच ठेवू.

बाळाचं सांगते. गीताबाई म्हणत होती, नाव वैष्णवीच ठेवू, तीच परत आली समजू. मी म्हणलं, न्हाई. एका नावात दोघी कोंबायच्या न्हाईत. ती गेली ती वेगळी, ही आली ती वेगळी. मोहिनी ठेवलं. रंगानं माझ्यावर गेलीय, त्याला आता इलाज न्हाई. रात्री रडती, मग आदिनाथ उचलून घेतो आन् अंगणात फिरतो, आन् तिला अजून इचारतो, तू कोण गं. ती लाथ मारती. मी आत अंथरुणात तोंड दाबून पडते.

काम सोडू नको. पण दिवाळीला ये. आली न्हाईस तर मी तुला ओळखणार न्हाई, तू नख असलेलं बोट दाखवलंस तरी.

तिला वरचं खायला सुरू केलंय. आपल्याकडं नाचणी चांगली मिळत न्हाई, पुण्याहून नाचणीचं सत्त्व पाठव. दुकानातलं डब्यातलं नको, भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून दळलेलं, फडक्यातून चाळलेलं. त्यात साखर घालू नको, गूळ बी नको. आदिनाथ उसाचं काही उंबऱ्याच्या आत येऊ देत न्हाई. सणाला पुरणसुद्धा झालं न्हाई. गोडीला खारीक पाठव, वेगळ्या पुडीत, पिठासारखी बारीक कुटून. माझ्यासाठी बी त्यातलंच धर. आमा दोघींच्या तोंडात मिळून एकच दात हाय, आन् तो तिचा हाय.

आज्जी